इंजिन बदला, पण जुने फेकू नका

डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर दरवर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांची जी मोठी मिरवणूक निघते, तिची प्रथा १९९५ मध्ये सुरू झाली. वाहन-उद्योगात काम करणारी अनेक मराठी कुटुंबे त्या परिसरात राहतात. त्यांपैकी एका मित्राकडे मुक्कामाला असताना मीही एका वर्षी त्या रस्त्याच्या कडेला सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभा होतो. तिथे १९६९ ची एक शेव्हरोलेट कॅमारो बॉनेट उघडून उभी होती. बाहेरून ती कारखान्यातून नुकतीच निघावी तशी दिसत होती. आत मात्र ना पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर होता ना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर; त्यांच्या जागी अलीकडच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमधले ६.२ लिटरचे ॲल्युमिनियमचे इंजिन बसवलेले होते. भोवती जमलेल्यांपैकी एक गृहस्थ कौतुकाने म्हणाले, की आता ही गाडी अमेरिकेच्या या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत निर्धास्त जाईल. दुसरे एक वयस्क गृहस्थ आत डोकावले, काही बोलले नाहीत आणि पुढच्या गाडीकडे निघून गेले. मूळ इंजिन काढायला नको होते, हा त्या अबोल माणसाचा न बोललेला आक्षेप मला आजही खरा वाटतो, आणि तरीही माझे मत पहिल्या गृहस्थांच्या बाजूचे आहे. मात्र त्या मताला काही अटी आहेत, आणि त्या अटी केवळ हौशी लोकांनी आपापसांत पाळायच्या नसून कायद्यानेही मानाव्यात, असे मला वाटते.

मसल कार, म्हणजे साध्या गाडीत मोठे, ताकदवान इंजिन बसवलेली अमेरिकी गाडी, हा प्रकार जन्माला आला तोच मुळी इंजिनाच्या अदलाबदलीतून. जनरल मोटर्सच्या पाँटिअॅक शाखेने काढलेल्या १९६४ च्या जीटीओला बहुतेक जण या वंशाची पहिली गाडी मानतात. त्या काळी जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम असा होता, की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा (सुमारे ५.४ लिटर) मोठे इंजिन बसवायचे नाही. पाँटिअॅकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी यांच्या लक्षात आले, की मोठ्या गाड्यांसाठी बनलेले ३८९ घनइंचांचे इंजिन बाहेरच्या मापांनी आपल्या ३२६ घनइंचांच्या इंजिनाएवढेच आहे, त्यामुळे ते टेम्पेस्ट या साध्या गाडीत फारशी तोडफोड न करता बसू शकते. नियम नव्या गाडीला लागू होता, जादा पैसे देऊन घ्यायच्या साहित्याला नव्हता. म्हणून जीटीओ ही वेगळी गाडी न म्हणता टेम्पेस्टवरचा एक पर्याय म्हणून विकली गेली. ३२५ अश्वशक्तीची ती गाडी पहिल्याच वर्षी ३२ हजारांवर लोकांनी घेतली. पुढे १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्ग गावचे विक्रेते डॉन येन्को यांनी नव्याकोऱ्या कॅमारोंमधली मूळ इंजिने काढून त्या जागी ४२७ घनइंचांची इंजिने बसवली आणि त्या गाड्या आपल्या नावाने विकल्या. विक्रेत्याच्या गॅरेजात इंजिन बदललेल्या त्याच येन्को कॅमारो आज संग्राहकांच्या दृष्टीने अमूल्य ठरल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली तरुण मुले १९३२ च्या फोर्डमध्ये कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिलची इंजिने बसवून कोरड्या तलावांच्या पात्रांत शर्यती लावत. त्या परंपरेतूनच हे सगळे वाढले. तेव्हा इंजिन बदलणे म्हणजे या गाड्यांच्या परंपरेशी द्रोह, असे म्हणणाऱ्याने ती परंपरा पुरती पाहिलेली नाही.

पण केवळ परंपरेचा दाखला पुरेसा नाही. इंजिन बदलावेसे का वाटते, याचे उत्तर गाडी चालवल्याशिवाय कळत नाही. त्या काळच्या बहुतेक गाड्यांना तीन गतींचा ऑटोमॅटिक किंवा चार गतींचा हाताने बदलायचा गिअरबॉक्स असे, आणि त्यातला सर्वांत वरचा गिअर म्हणजे एकास एक, म्हणजे इंजिन आणि मागच्या धुरीकडे जाणारा दांडा सारख्याच वेगाने फिरत. मागच्या धुरीचे प्रमाण (चाकाच्या एका फेऱ्यामागे त्या दांड्याचे फेरे) ३.७३ आणि चाकाचा व्यास २६ इंच धरला, तर ताशी ७० मैलांच्या वेगाला इंजिन मिनिटाला ३,३५० च्या पुढे फेरे घेते. सिग्नलवरून सुटताना हे प्रमाण उत्तम, पण महामार्गावर तीन तास त्या आवाजात बसून काढणे म्हणजे शिक्षाच. तीच गाडी ०.७० प्रमाणाचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे दांडा इंजिनापेक्षा वेगाने फिरवणारा गिअर, असलेल्या चार गतींच्या ऑटोमॅटिकवर त्याच वेगाला सुमारे २,३५० फेऱ्यांवर शांतपणे धावते. म्हणूनच या कामातले जाणकार इंजिनाआधी गिअरबॉक्सविषयी विचारतात. माणसे अश्वशक्तीच्या आकड्यांवर भाळतात, परंतु जुन्या गाडीचे वागणे सर्वाधिक बदलते ते गिअरबॉक्समुळे, असे माझे मत आहे.

अश्वशक्तीच्या जुन्या आकड्यांविषयी एक गोष्ट इथेच नमूद केली पाहिजे, कारण 'जुनी इंजिनेच खरी ताकदवान' हा समज त्यांवर उभा आहे. १९७१ पर्यंत अमेरिकी कंपन्या बहुतांशी इंजिन सुटे ठेवून, सायलेन्सर, एअर फिल्टर आणि इतर भार काढून मोजलेली शक्ती जाहीर करत. १९७२ पासून गाडीत बसवलेल्या स्थितीतली, म्हणजे निव्वळ, शक्ती जाहीर होऊ लागली. कॉर्व्हेटचे ३५० घनइंचांचे पायाभूत इंजिन १९७१ मध्ये २७० अश्वशक्तीचे म्हणून विकले गेले आणि पुढच्याच वर्षी जवळजवळ तेच इंजिन २०० अश्वशक्तीचे झाले. १९९७ च्या कॉर्व्हेटमधल्या एलएस१ इंजिनाची ३४५ अश्वशक्ती ही मात्र निव्वळ आहे, आणि ते इंजिन जुन्या ओतीव लोखंडी इंजिनापेक्षा बरेच हलके आहे. पुढच्या चाकांवरचा भार कमी झाला की गाडी वळणावर अधिक आज्ञाधारक होते, हा त्याचा न जाहिरातलेला फायदा.

हे काम प्रत्यक्षात कसे होते, हे सविस्तर सांगायला हवे, कारण आक्षेप घेणारे आणि कौतुक करणारे दोघेही ते फार सोपे समजतात. वर उल्लेखलेले एलएस१ ज्यातले, त्या जनरल मोटर्सच्या एलएस घराण्यातली इंजिने लोकप्रिय होण्याचे कारण त्यांच्या बेताच्या आकारात आहे. त्यांतही कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, जुन्याप्रमाणे ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ठोकळ्यातच असतो, त्यामुळे इंजिनाची रुंदी वाढत नाही, आणि १९५५ च्या पहिल्या स्मॉल-ब्लॉक या शेव्हरोलेट इंजिनामधले दोन सिलिंडरांच्या केंद्रांतले ४.४ इंचांचे अंतर यांतही तसेच राहिले आहे. १९९९ पासून जनरल मोटर्सच्या पिकअप गाड्यांत हीच इंजिने लोखंडी ब्लॉकसह इतक्या मोठ्या संख्येने बसली, की अमेरिकेतल्या कोणत्याही भंगारवाड्यात ती सामान्य माणसाला परवडतील अशा भावात मिळतात. इंजिन गाडीत उतरवण्यासाठी जुन्या आधारांवर जोडपट्ट्या लावाव्या लागतात. पिकअपच्या इंजिनाखालचे तेलाचे चेंबर कॅमारोच्या पुढच्या क्रॉसमेंबरला, म्हणजे आडव्या तुळईला, अडते, म्हणून ते बदलावे लागते. कार्ब्युरेटरला पाच-सात पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) दाबाने पेट्रोल पुरते, तर नव्या इंजिनातल्या पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनला ५८ लागतो. त्यामुळे टाकीत नवा पंप, नव्या नळ्या आणि परतीचा मार्ग किंवा नियामक बसवावा लागतो. गिअरबॉक्स बदलला की मागच्या धुरीकडे जाणाऱ्या दांड्याची, म्हणजे प्रोपेलर शाफ्टची, लांबी बदलते, आणि त्याच्या दोन्ही टोकांचे कोन जुळले नाहीत तर गाडी ठरावीक वेगाला थरथरते. इंजिनाचा संगणक, त्याची वायरिंग, चोरीविरोधी कुलूप सोडवणे, एक्झॉस्टमधले ऑक्सिजन सेन्सर, मोठा रेडिएटर, मागच्या धुरीची ताकद अशी कामे एकामागून एक पुढे येत जातात. ज्याला वाटते की शनिवारी इंजिन काढावे आणि रविवारी नवे बसवून फिरायला जावे, त्याची गाडी दोन-दोन वर्षे ताडपत्रीखाली पडून राहते.

फोर्डच्या बाबतीत अडचण याहून मोठी आहे, आणि माझ्या भूमिकेची पहिली मर्यादा तिथेच लागते. २०११ च्या मस्टँगमध्ये आलेले पाच लिटरचे कोयोटी इंजिन उत्तम आहे, पण त्याचे चारही कॅमशाफ्ट इंजिनाच्या माथ्यावर असल्याने ते फार रुंद आहे. साठच्या दशकातल्या मस्टँगमध्ये ते सुखाने बसवायचे, तर पुढच्या सस्पेन्शनचे स्तंभ कापून काढावे लागतात. जीटीओच्या घराण्यातल्या गाड्यांना स्वतंत्र चेसिस असे. मस्टँगला तशी नाही, तिथे बॉडी हाच गाडीचा सांगाडा. स्तंभ कापले, नवा पुढचा भाग वेल्डिंग करून बसवला, की पुन्हा मागे येणे जवळपास अशक्य होते. इंजिन बदलणे आणि गाडी कापणे या दोन वेगळ्या कृती आहेत. पहिलीला माझा पाठिंबा आहे. दुसरीला, गाडी आधीच गंजून किंवा अपघातात निकामी झालेली नसेल तर, नाही.

आता त्या अबोल गृहस्थांच्या आक्षेपाकडे वळू. इमारतींच्या जतनाची जगभर प्रमाण मानली जाणारी व्हेनिस सनद १९६४ मध्ये, म्हणजे जीटीओ आणि मस्टँगच्याच वर्षी, तयार झाली हा एक योगायोग आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने पुढे तिच्याच धर्तीवर ट्यूरिन सनद केली. तिचा गाभा असा, की जुने वाहन ही एक ऐतिहासिक कागदपत्रासारखी वस्तू आहे, तिच्यात कमीत कमी हस्तक्षेप करावा आणि जो करावा तो उलटवता येण्यासारखा असावा. हे तत्त्व मला पटते. इंजिन हा गाडीचा इतर भागांसारखा एक भाग नव्हे. त्या इंजिनातच त्या काळाचे सगळे ज्ञान साठलेले असते. उभ्या गाडीत मोठ्या कॅममुळे होणारे ते लंगडे धडधडणे, चार तोंडांच्या कार्ब्युरेटरची मागची दोन तोंडे उघडताच बदलणारा स्वर, थंडीत चोक ओढून इंजिन जागे करण्याची रीत, टायमिंग लाइट हातात घेऊन कानाने इंजिन लावणारा मेकॅनिक, या गोष्टी चित्रांत किंवा ध्वनिमुद्रणात जपता येत नाहीत. त्या जपायच्या तर काही गाड्या जशाच्या तशा चालत्या ठेवाव्याच लागतील.

पण कोणत्या गाड्या? ॲल्युमिनियमचे ४२७ घनइंचांचे इंजिन असलेल्या १९६९ च्या झेडएल१ कॅमारो फक्त ६९ बनल्या. १९७१ च्या प्लिमथ हेमी कुडाच्या उघड्या टपाच्या गाड्या केवळ ११ होत्या, आणि त्यांतली एक २०१४ मध्ये सिएटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरना विकली गेली. अशा गाडीतले इंजिन काढणे म्हणजे ताम्रपट वितळवून भांडे करण्यासारखे आहे, आणि ते कोणी करू नये. पण त्याच १९६९ साली सगळ्या मिळून जवळपास २ लाख ४३ हजार कॅमारो बनल्या होत्या. मस्टँग तर पहिल्या दोन वर्षांतच दहा लाखांच्या वर विकल्या गेल्या. त्यांतल्या पुष्कळ गाड्यांत सहा सिलिंडरांची साधी इंजिने होती, आणि जी आठ सिलिंडरांची, म्हणजे व्ही८, होती त्यांतलीही कित्येक गेल्या अर्धशतकात एकदा-दोनदा बदललीच गेली आहेत. ज्या गाडीचे मूळ इंजिन १९८५ मध्येच भंगारात गेले, तिच्यात आज १९७८ चे कुठले तरी इंजिन असेल, तर तिथे कोणती अस्सलता जपायची? जी शिल्लक आहे ती बॉडी, तिच्या रेषा, तिचे आसन, तिचा डॅशबोर्ड. आणि हे सगळे जपण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे गाडी वापरात राहणे. जी गाडी रस्त्यात बंद पडते, उन्हात जिचे पेट्रोल नळीतच उकळते, जिला घेऊन कुटुंब बाहेर पडायला कचरते, ती गाडी हळूहळू आवाराच्या मागे जाते आणि तिथे गंजते.

अस्सलतेच्या अतिरेकाने बाजारात एक अपप्रवृत्तीही आणली आहे. इंजिनावरचा क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळला की किंमत वाढते, म्हणून दुसऱ्याच ब्लॉकवरचे आकडे घासून तिथे हवे ते आकडे ठोकण्याचा धंदा चालतो. बनावट क्रमांकाच्या 'अस्सल' गाडीपेक्षा, बॉनेट उघडताच नवे इंजिन उघडपणे दाखवणारी गाडी इतिहासाशी अधिक प्रामाणिक आहे. पुढच्या पिढीतला अभ्यासक नव्या इंजिनाने फसणार नाही, खोट्या शिक्क्याने फसेल.

यापुढचा मुद्दा इतरांच्या फुप्फुसांचा आणि जिवाचा आहे, म्हणून तो मालकाच्या मर्जीवर सोडता येत नाही. अमेरिकेत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सर्वत्र आला तो १९७५ च्या गाड्यांपासून. त्याआधीच्या गाड्या धूर तर सोडतातच, शिवाय उभ्या असतानाही टाकीतून आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोलची वाफ हवेत जात असते. प्रदूषणाविषयी सर्वांत कडक मानल्या जाणाऱ्या कॅलिफोर्नियातही १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना नियमित धूर-तपासणीतून सूट आहे. मूळ इंजिन जपणाऱ्यासाठी ही सूट योग्यच आहे. अशा गाड्या थोड्या असतात आणि कमी धावतात. पण याच सुटीचा आधार घेऊन, जो नवे इंजिन बसवतो तो पुष्कळदा त्या इंजिनाचा कन्व्हर्टर, वाफ शोषणारा कोळशाचा डबा आणि मागचे सेन्सर भंगारवाड्यातच सोडून येतो, आणि इंजिनाच्या संगणकातून त्यांची सूचनाही पुसून टाकतो. हे मला मुळीच मान्य नाही. १९७६ आणि त्यानंतरच्या गाड्यांसाठी त्याच राज्याचा नियम असा आहे, की बदली इंजिन गाडीच्याच वर्षाचे किंवा त्याहून नवे असावे आणि ते ज्या गाडीतून आले तिची प्रदूषण-नियंत्रणाची सगळी साधने त्याच्यासोबत यावीत. हाच नियम जुन्या गाड्यांतल्या नव्या इंजिनांनाही लावावा. त्यात अशक्य काही नाही: कन्व्हर्टर आणि सेन्सरांसह कॅलिफोर्नियाची मान्यता मिळालेली तयार इंजिने खुद्द जनरल मोटर्सने विकली आहेत. वयाची सवलत जुन्या इंजिनाची आहे. ते काढले की ती सवलतही संपली पाहिजे.

ब्रेकचेही तसेच आहे. साठच्या दशकातल्या बहुतेक मसल गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक असत, आणि १९६७ पूर्वीच्या कित्येकींना ब्रेकच्या तेलाला दाब देणाऱ्या एकाच मास्टर सिलिंडरवर चालणारा एकेरी मार्ग. म्हणजे एक नळी फुटली की पाय थेट फळीला टेकायचा. अशा गाडीत ४३० अश्वशक्तीचे इंजिन बसवून समोर केवळ नवे टायर घालणारा माणूस धोका स्वतःपुरता घेत नाही, तो चौकात उभ्या असलेल्या पादचाऱ्यावर टाकतो. मिशिगनसह अमेरिकेच्या अनेक राज्यांत खासगी गाड्यांची ठरावीक काळाने सुरक्षा-तपासणी होतच नाही. निदान ज्या दिवशी इंजिन बदलले गेले, त्या दिवशी एकदा तरी ब्रेक, स्टिअरिंग आणि धुरी तज्ज्ञाच्या नजरेखालून जावी, एवढी मागणी स्वातंत्र्यावर घाला ठरत नाही. मी मालक असतो तर पैशांचा पहिला हप्ता ब्रेकवर आणि दुसरा गिअरबॉक्सवर खर्च केला असता, आणि इंजिन शेवटी आणले असते.

विजेच्या मोटरी बसवण्याविषयीही आता विचारले जाते. फोर्डने २०२१ मध्ये अशी सुटी मोटर विक्रीला काढली होती. धुराचा प्रश्न त्याने एका झटक्यात मिटतो, पण मसल कारमधून आठ सिलिंडरांचा आवाज गेला की फार मोठा भाग गेला, असे मला वाटते. तरीही माझी कसोटी तीच राहील: बॉडी न कापता, उलटवता येण्याजोगे काम असेल तर मनाई नको.

भारतात या गाड्या थोड्याच आल्या, पण अमेरिकी गाडीत दुसरे इंजिन बसवणे आपल्याला नवे नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली, आणि स्वातंत्र्यानंतर कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात डॉज आणि प्लिमथ तयार झाल्या. पुढे पेट्रोल परवडेना तेव्हा त्या पिढीतल्या अनेक गाड्यांत डिझेल इंजिने बसली. ते काम हौसेचे नव्हते, गरजेचे होते, आणि त्यामुळेच त्यांतल्या काही गाड्या आजवर टिकल्या. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी जे नियम केले, त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा वेगळा क्रमांक मिळतो, मात्र ती मूळ स्वरूपात असावी लागते आणि तिच्या चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा लागतो. विंटेज हा मान अस्सल गाडीला राखून ठेवणे मला पटते. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून दूर जाणारे फेरफारही सहसा करता येत नाहीत. परिणामी मूळ इंजिन हरवलेली जुनी गाडी ना विंटेज ठरते ना तिला निर्धोक, कमी धुराचे इंजिन देऊन कायदेशीरपणे चालवता येते. अशा गाड्यांसाठी तपासणीनिशी मिळणारी एक तिसरी नोंद असायला हवी.

त्या नोंदीसाठी लागणारी एक गोष्ट आपल्याकडे आधीपासून आहे, जी अमेरिकेत सहसा नसते. तिथल्या मालकी-पत्रावर साधारणपणे गाडीचा एकच ओळख-क्रमांक असतो. आपल्या आरसी बुकात चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक असे दोन्ही असतात. इंजिन बदलताना नवा क्रमांक लिहून जुना पुसून टाकण्याऐवजी दोन्ही लिहावेत, एक 'मूळ' म्हणून आणि एक 'सध्याचे' म्हणून. काढलेले इंजिन तेलाने माखून, तोंडे बंद करून, लाकडी चौकटीवर ठेवावे, आणि गाडी विकली जाईल तेव्हा ते इंजिन व त्याचे कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, गिअरबॉक्स यांची यादी विक्रीपत्राला जोडलेली असावी.